डोंबिवलीचा आकडा

हा आकडा सावकाश वाचा. १२,३४,३२१. बारा लाख चौतीस हजार तीनशे एकवीस. डावीकडून वाचा की उजवीकडून, अंक तेच. आता पाटीवर ११११ ला ११११ ने गुणा. उत्तर हेच येते!

ही जादू नव्हे. गुणाकार मांडला की ११११ च्या चार ओळी होतात. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. मग बेरजेत उजवीकडून एक, दोन, तीन, चार आणि पुन्हा तीन, दोन, एक असे अंक पडतात. नऊ एके घेऊन गुणले तर सतरा अंकी आकडा येतो: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. दहा एके घेतले की मध्ये हातचा येतो आणि रांग मोडते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना अशा आकड्यांचा भारी नाद. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. नाशिकजवळ देवळालीला ते शाळामास्तर होते. डोंबिवली स्टेशनावर त्यांना या आकड्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांनी यांना 'डेम्लो' हे नाव दिले. पुष्कळ शहाण्यांनी त्यांना मानले नाही. पण १९७५ साली अमेरिकेतल्या एका नामांकित मासिकाने त्यांच्या कामावर लेख छापला. आम्हा मास्तर मंडळींना याचे कौतुक वाटणारच!

तुम्ही म्हणाल, आमच्या काय कामाचे? आहे कामाचे. ११११ चे अंक मिळवा. चार आले. चार चोक सोळा. एक आणि सहा, सात. आता १२,३४,३२१ चे अंक मिळवा. सोळा, म्हणजे पुन्हा सात. जुळले! कोणताही बरोबर गुणाकार असाच जुळतो. कारण दहातून नऊ काढले की एक उरतो. शंभरातून नऊ-नऊचे अकरा गट काढले तरी एकच उरतो. हजाराचेही तसेच.

समजा, नागपूरच्या कळमना बाजारात तुम्ही ३७ क्विंटल सोयाबीन नेले. भाव लागला ४,३५० रुपये. पट्टीवर १,५०,९५० रुपये लिहिले आहेत. तीन आणि सात दहा, म्हणजे एक. भावाचे अंक बारा, म्हणजे तीन. एक त्रिक तीन. पण पट्टीच्या रकमेचे अंक होतात वीस, म्हणजे दोन. जुळत नाही! सही करू नका, पुन्हा गुणायला लावा. खरी रक्कम १,६०,९५०. दहा हजार वाचले की नाही?

मात्र एक ध्यानात असू द्या. अंक जुळला नाही तर हिशेब नक्की चुकला. जुळला म्हणून तो बरोबरच, असे नव्हे. कोणी १,६०,५९० लिहिले, तर अंकांची अदलाबदल झाली, पण बेरीज तीच राहते. तीनशे साठ रुपये गेले, तरी ही युक्ती गप्पच बसते. तेव्हा गुणाकारही करून पाहावा लागतो.