जुना संगणक, नवी प्रणाली आणि दुकानाची वही



२०२५ सालच्या दिवाळीत, वीरनिर्वाण संवत २५५२ च्या आरंभी, आपण सर्वांनी प्रथेप्रमाणे वहीपूजन केले. त्याच्या सुमारे आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबर रोजी, एक घटना घडून गेली होती. तिच्याकडे मात्र आपल्यापैकी थोड्यांचेच लक्ष गेले. आपल्या पेढ्यांवरील कितीतरी संगणक ज्या विंडोज १० या प्रणालीवर चालत आले, तिला सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या पुरविणे मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्या दिवशी थांबविले. दुसऱ्या दिवशी संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाला, बिले निघाली, रोजमेळ जमला. तेव्हा काहीच बिघडले नाही, असे वाटणे स्वाभाविक होते.

परंतु दाराचे कुलूप जुने झाले आणि त्याच्या किल्ल्या चोरबाजारात विकल्या जाऊ लागल्या, तरी दार पूर्वीसारखेच उघडते व मिटते. धोका बाहेरून दिसत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या छिद्रातून तो आत शिरला ते बुजविणारी दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये, निघाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांचे नुकसान झाले. यापुढे विंडोज १० मध्ये जी छिद्रे सापडतील, त्यांवरील दुरुस्ती सर्वसाधारण वापरणाऱ्याच्या हाती आपोआप येणार नाही. म्हणून धड चालणाऱ्या परंतु जुन्या ठरविल्या गेलेल्या संगणकाचे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम, प्रणाली म्हणजे काय? आपल्या शहापूर, वडगाव, खासबाग भागांत ज्यांनी जॅकार्ड बसविलेला माग पाहिला आहे, त्यांना हे समजावयास वेळ लागणार नाही. माग म्हणजे यंत्र. ताण्याचा कोणता धागा केव्हा उचलावयाचा, हे मात्र वर टांगलेल्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ ठरविते. माळ बदलली की त्याच मागावर दुसरी नक्षी उतरते. संगणकातही यंत्र निराळे आणि त्याला चालविणारी आज्ञांची माळ निराळी. तथापि नव्या नक्षीला जितके हूक लागतात, तितके मागावर असावे लागतात. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी निघालेल्या विंडोज ११ ने नेमकी हीच अट घातली आहे. तिला किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, सुरक्षित आरंभाची सोय, गुप्त किल्ल्या जपणारी टीपीएम २.० ही व्यवस्था, आणि कंपनीने मान्य केलेल्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने हे प्रोसेसर आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासूनचे होत. त्याहून जुना संगणक कितीही सुस्थितीत असला, तरी तो या पंक्तीत बसत नाही.

येथे एक सूचना अगत्याने करावीशी वाटते. ‘तुमचा संगणक अपात्र आहे’ असा संदेश दिसताच तो मोडीत काढू नये. पुष्कळ यंत्रांत टीपीएमची सोय असते, पण ती बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. ती सुरू केल्यावर यंत्र पात्र ठरल्याची उदाहरणे थोडी नाहीत. मात्र अशा फेरबदलानंतर डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असल्यास संगणक ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती आधी लिहून ठेवावी.

यंत्र खरोखरच अपात्र असेल तर चार मार्ग उरतात.

पहिला मार्ग मुदतवाढीचा. घरगुती वापराच्या संगणकांसाठी कंपनीने सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठरविली. व्यावसायिक संस्थांना ती पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळू शकते, पण तिचे शुल्क दरवर्षी दुप्पट होते. हा मार्ग म्हणजे हुंडीची मुदत वाढवून घेणे होय; देणे त्याने फिटत नाही.

दुसरा मार्ग अटी चुकवून विंडोज ११ बसविण्याचा. बसविताना होणारी तपासणी टाळण्याच्या युक्त्या आहेत आणि बाजारात त्या सर्रास केल्या जातात. परंतु अशा यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. शिवाय २०२४ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट आज्ञा असल्याच पाहिजेत. ज्या फार जुन्या यंत्रांत त्या नाहीत, त्यांच्यावर ही प्रणाली कोणत्याही युक्तीने सुरू होत नाही. मुलांच्या अभ्यासाच्या संगणकावर हा प्रयोग एक वेळ चालेल, पण ज्यावर पेढीची खतावणी आहे त्यावर तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा मार्ग लिनक्सचा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेली ही प्रणाली आज अनेक रूपांत विनामूल्य उपलब्ध आहे. आपल्याच सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचे तिचे भारतीय रूप प्रसिद्ध केले आणि केरळमधील सरकारी शाळांतून तिचाच वापर होत आला आहे. नवशिक्यास सोयीचे असे लिनक्स मिंट हे रूप २ जीबी स्मृतीवरही चालते. ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. त्याच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. मराठी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत त्यावर लिहिता येते. इन्स्क्रिप्ट कळफलकात दोन्ही भाषांतील समान उच्चाराची अक्षरे बहुधा एकाच कळीवर असल्याने आपल्या सीमाभागातील घरांना ते विशेष सोयीचे पडते.

याचा मोठा गुण असा की, डिस्कला हातही न लावता ही प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. छापयंत्र चालते का, वायफाय सापडते का, जीएसटीचे संकेतस्थळ उघडते का, हे तासाभरात कळते. उणीवही सांगितली पाहिजे. टॅली हा विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आहे. लिनक्सवर तो जसाच्या तसा बसत नाही. डिजिटल सहीचे टोकन व तोलकाट्याची जोडणी यांचीही आधी खात्री करून घ्यावी लागते. म्हणून हिशेबासाठी एक पात्र संगणक ठेवून पत्रव्यवहार, मालाच्या याद्या व मुलांचा अभ्यास यांसाठी जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवावे, ही वाटणी मला व्यवहार्य वाटते.

चौथा मार्ग नव्या खरेदीचा. तो नाइलाजाने पत्करावा लागला, तर जुने यंत्र भंगारवाल्यास देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी अथवा पूर्ण पुसावी, आणि यंत्र नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रातच द्यावे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तसेच मार्ग कोणताही असो, जुनी फिरती डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसविल्यास आणि स्मृती वाढविल्यास संथ संगणकाचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो. नव्या यंत्राच्या मानाने हा खर्च अल्प असतो.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या दुकानातील संगणकावर नवी प्रणाली बसवावयाची ठरली. हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर आहे, असे मी मोठ्या विश्वासाने सांगितले आणि कारागिराने डिस्क पुसली. संध्याकाळी पेनड्राइव्ह उघडून पाहतो, तो त्यातील नक्कल अडीच महिन्यांपूर्वीची! दरम्यानच्या नोंदी गेल्या. दोष कारागिराचा नव्हता, माझा होता. नक्कल असल्याचे मी सांगितले होते, पण ती उघडून पाहिली नव्हती. पुढील तीन आठवडे सौभाग्यवती आणि मी बिलबुकांच्या स्थळप्रती घेऊन रात्री बसत असू. उधारीच्या ज्या चिठ्ठ्या सापडल्या नाहीत, त्यांबाबत गिऱ्हाइकांच्या सचोटीवर विसंबावे लागले. खेड्यांतील कित्येकांनी आपणहून येऊन, ‘शेठजी, माझ्याकडे इतके निघतात’ असे सांगितले. त्या दिवसांत मी जे शिकलो ते कोणत्याही पुस्तकात शिकलो नसतो.

म्हणून कामाचा क्रम असा असावा. प्रथम हिशेबाच्या दोन नकला कराव्या. एक दुकानात, दुसरी घरी ठेवावी. नंतर ती नक्कल दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून तेरीज व शेवटची बाकी मूळ हिशेबाशी ताडून पाहावी. ताडून न पाहिलेली नक्कल ही नक्कलच नव्हे. टॅलीचा परवाना त्या संगणकाशी जोडलेला असतो. तो आधी रीतसर परत करून नव्या जागी पुन्हा सुरू करावा. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेली जुनी मराठी पत्रे नव्या यंत्रावर वाचता येईनाशी होतात. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. त्यानंतरच डिस्कला हात लावावा, आणि तोही महिनाअखेरीस किंवा विवरणपत्राच्या तारखेच्या तोंडावर नव्हे. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. संगणक बदलला, ही सबब तेथे चालत नाही.

आपले वाडवडील दिवाळीस नवी वही घालीत, तेव्हा जुनी वही बासनात बांधून ठेवीत आणि प्रत्येक खात्याची बाकी स्वतः ताडून पुढे ओढीत. त्या शिस्तीचा अवलंब आपण संगणकाच्या बाबतीतही करावा. यंत्र जुने असो की नवे, प्रणाली विकतची असो की विनामूल्य; मागील बाकी बिनचूक पुढे आली, म्हणजे पेढीचा व्यवहार सुरळीत राहिला. येत्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक सभासदाने आपली एक नक्कल उघडून पाहिली, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.