छावणीच्या वाटेवरचे वाघ

गुरुवारी छत्रपती संभाजीनगरच्या छावणीचा आठवडी बाजार भरतो. बैल, म्हशी, शेळ्या, कोंबड्या बघतच इथली पोरं मोठी होतात. पण दाव्याला न बांधलेलं, माणसाकडे ढुंकूनही न बघणारं जनावर पाहायचं असेल तर खाम नदी ओलांडून मध्यवर्ती बसस्थानकाकडे जावं लागतं. स्थानकाला लागूनच सिद्धार्थ उद्यान आहे आणि उद्यानाच्या आत महापालिकेचं प्राणीसंग्रहालय. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत असं दुसरं नाही.

१९८४-८५च्या सुमारास ते सुरू झालं. शेजारी नागसेनवन, बाबासाहेबांनी उभारलेलं मिलिंद महाविद्यालय. त्या परिसरात बागेला सिद्धार्थाचं नाव मिळालं, याचं मला नेहमी बरं वाटतं. खेड्यापाड्यातल्या शाळांची सहल ठरलेली असते: वेरूळ, दौलताबाद, मकबरा आणि परतीची गाडी धरण्याआधी प्राणीसंग्रहालय. लेणं कोणी कोरलं ते पोरं पुढे विसरतात. वाघानं जांभई दिली तेव्हा दिसलेले सुळे मात्र त्यांच्या लक्षात राहतात.

एका पिढीच्या मनात इथले हत्ती आहेत. सरस्वती आणि लक्ष्मी, मायलेकी. २००९ साली केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणानं प्राणीसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असा आदेश काढला. हत्तीला चालायला लागणारी जमीन शहरातल्या बागेत नसते, आणि पायात साखळी घेऊन उभं राहणं हे हत्तीचं जगणं नव्हे. त्यानंतर काही वर्षांनी दोघींना विशाखापट्टणमला हलवलं. निर्णय योग्यच होता. तरी बागेत शिरल्यावर ‘हत्ती कुठे गेले?’ असं विचारणारी माणसं नंतरही कितीतरी दिवस भेटत राहिली.

या जागेचं खरं नाव झालं ते वाघांमुळे. २००५ साली पंजाबातल्या छतबीर प्राणीसंग्रहालयातून वाघांची जोडी आली आणि गर्दी लोटली. इथल्या पांढऱ्या वाघांपुढे तर जास्तच. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी एक पांढरा बछडा जिवंत पकडला, त्याचं नाव मोहन. आज पिंजऱ्यांतून दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्याच्याच वंशातले. आई आणि बाप दोघांकडूनही तो गुण आला तरच पिल्लू पांढरं होतं, म्हणून पिवळ्या जोडीच्या पोटीही कधी पांढरं बछडं येतं. रंग टिकवायचा म्हणून जवळच्या नात्यात जोड्या लावल्या की त्याची किंमत पिल्लांना मोजावी लागते. मला विचाराल तर पांढऱ्या वाघाचं कौतुक करून झालं की शेजारच्या पिवळ्या वाघासमोर जास्त वेळ थांबावं. आपल्या जंगलांचा खरा राजा तो आहे.

पिवळ्या वाघांत समृद्धीचं नाव घ्यावंच लागतं. वाघिणीला एका वेळी साधारण दोन ते चार पिल्लं होतात. समृद्धीला २५ डिसेंबर २०२०ला पाच झाली. बछडी जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले असतात आणि थंडीचा धोका मोठा. आईला आडोसा हवा, शांतता हवी. अशा वेळी जवळ जायचं नाही, कॅमेऱ्यातूनच नजर ठेवायची. टाळेबंदीच्या त्या उदास वर्षाच्या शेवटी ही बातमी घरोघरी वाचली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये करिना ही वाघीण गेली होती, त्यामुळे आनंद दुणावला.

इथले वाघ गावाबाहेरही नांदले. फेब्रुवारी २०२०मध्ये शक्ती आणि करिश्मा ही जोडी मुंबईच्या राणीबागेत गेली. पुढे नोव्हेंबर २०२१मध्ये त्यांना वीरा झाली. मुंबईची मुलं तिला बघायला रांगा लावत होती तेव्हा, अहो, ही आमच्याकडची नात, असं ओरडून सांगावंसं वाटायचं.

बाकी बागेत बिबटे, मगरी, सांबर, चितळ, काळवीट, नीलगाय आहेत. सर्पालय मात्र चुकवू नये. शेतात साप दिसला की काठी शोधणाऱ्या घरातलं पोर धामण काचेपलीकडे नीट न्याहाळतं, ती उंदीर खाते हे ऐकतं, ही छोटी गोष्ट नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पिंजऱ्यांवर हिरवी जाळी, कूलर आणि पाण्याचे फवारे येतात. त्या उन्हात खाणं, पाणी, सफाई सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांवर हे सगळं उभं आहे.

अडचण जागेची आहे. एका बाजूला बसस्थानक, भोवती रहदारी. वाढायला वावच नाही. २०१८ साली प्राधिकरणानं याच कारणावरून मान्यता रद्द केली, मग अपील होऊन मुदत मिळाली. उत्तर म्हणून मिटमिट्याला शंभराहून अधिक एकरांवर सफारी पार्क ठरलं. तिथे माती आहे, झाडं आहेत, धावायला अंतर आहे. या कामाला आधीच फार वर्षं लागली.

मिटमिट्याकडे जाणारा रस्ता छावणीवरूनच जातो: नगरनाका, पडेगाव आणि मग डोंगराच्या दिशेनं. ज्या दिवशी वाघांचे पिंजरे ट्रकवर चढतील तो दिवस गुरुवार असू नये एवढंच. बाजारातल्या जनावरांना वास आला तर दावी तुटतील. आम्ही मात्र लेकरांना खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहू.