अंबाडीचं मटण आणि कडक राहिलेला मुळा

वारंगा फाट्याच्या परिसरात अंबाडी कुणाला नवी नाही. मराठवाड्यात ती वरणात, भाजीत आणि मटणातही पडते. फिलिपिन्समध्ये आंबटपणा आणण्याचं हे काम चिंच करते. तिथल्या सिनिगांग या आंबट कालवणात मांस, मुळा, वांगी आणि पालेभाजी एकत्र शिजतात. नवशिक्याची फसगत दोन्हीकडे सारखीच होते, कारण तो सगळं एकदमच पातेल्यात घालतो.

मटण चिवट असतं ते कोलॅजन या प्रथिनामुळे. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, पाण्यात, पुरेसा वेळ मिळाला की त्याचं जिलेटिन होतं. रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो तो त्यातूनच. इथे घाई चालत नाही. भाजीचा हिशेब वेगळा. तिच्या पेशी जोडून ठेवणारं पेक्टिन उष्णतेनं सुटतं, पण आंबट पाण्यात फार सावकाश. चिंच आधी पडली की मुळा कडकच राहतो. (तुरीची डाळ चिंचेत शिजत नाही, हे तर घरोघरी ठाऊक आहे.)

म्हणून आधी मटण मऊ होऊ द्यावं, मग मुळा-वांगी, ती शिजली की अंबाडी किंवा चिंचेचा कोळ. कोवळा पाला अगदी शेवटी, कारण आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि पानं तपकिरी पडतात.