भादव्याच्या आधी

भाद्रपद लागला की नंदुरबारकडच्या धानोऱ्यासारख्या गावात रात्रीची झोप लागू द्यायची की नाही, हे कुत्री ठरवतात. एका कुत्रीमागे सात-आठ कुत्रे, भांडणं, केकाटणं, आणि सकाळी त्यातले दोघं-तिघं लंगडताना दिसतात. पुढे दिवाळी होते. ऊसतोडीच्या गाड्या भरून माणसं बारडोली-सुरतेकडे निघतात, आणि मागे कुडाच्या आडोशाला, कडब्याच्या गंजीखाली पिल्लं डोळे उघडत असतात. व्यालेल्या कुत्रीला सगळ्यात जास्त खायला लागतं तेव्हाच तिला भाकरी घालणारी घरं कुलूपबंद झालेली असतात.

कुत्रीची नसबंदी कधी करावी, या प्रश्नाचं शहरी उत्तर वयात मिळतं: सहा महिने, वर्ष, दीड वर्ष. गावच्या कुत्रीसाठी आधी कॅलेंडर बघावं, असं माझं मत आहे.

त्याला आधार आहे. पाळीव विलायती कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, मग ऋतू कोणताही असो. आपल्याकडच्या मोकळ्या कुत्र्यांचं तसं नाही. चावला आणि रीस या पशुवैद्यकांनी जयपूरच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध केला. त्यात माज आणि गाभणपण पावसाळ्याच्या शेवटापासून पुढच्या महिन्यांत एकवटलेलं दिसलं. आपल्या आजोबांना हे जयपूरला न जाता ठाऊक होतं. फक्त अधिक महिना आला की भाद्रपद पुढे सरकतो, आणि कुत्रीला अधिक महिना कळत नाही. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर धरून चालावं.

आता हिशेब मांडू. सप्टेंबरात फळलेली कुत्री 63 दिवसांच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबरात विते. त्या वेतातली मादी पिल्लं मे महिन्यात सहा महिन्यांची होतात आणि पुढच्या भादव्यात दहा महिन्यांची. पहिला माज बहुतेक तिथेच गाठतो. म्हणजे पहिल्या माजाआधी ऑपरेशन करायचं तर मे ते जूनचा पहिला आठवडा हीच वेळ. त्यानंतर पाऊस, चिखल, माश्या आणि ओली जखम. शिवाय होळीला किंवा त्यानंतर उन्हाळ्यात ऊसतोडीची माणसं परतलेली असतात. टाक्यांवर लक्ष ठेवायला घरात कोणीतरी असतं.

व्यालेल्या आईचंही गणित इथेच बसतं. पिल्लं दोनेक महिन्यांत दूध सोडतात, त्यानंतर कास आटायला काही आठवडे लागतात. नोव्हेंबरात व्यालेली कुत्री मार्चपर्यंत मोकळी होते. चैत्र-वैशाखात तिचं ऑपरेशन करायला हरकत नाही.

पहिल्या माजाआधीच कशाला, असं कोणी विचारेल. 1969 साली अमेरिकेत श्नायडर आणि सहकाऱ्यांनी मांडलेले आकडे आजही दवाखान्यात सांगितले जातात: नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत स्तनाच्या कॅन्सरचा धोका पहिल्या माजाआधी ऑपरेशन केल्यास 0.5 टक्के, एका माजानंतर 8 टक्के, दोन माजांनंतर 26 टक्के. 2012 मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी सगळे जुने पुरावे पुन्हा तपासले, तेव्हा ते वाटले होते तितके भक्कम निघाले नाहीत. त्यामुळे या आकड्यांची पोपटपंची मी करणार नाही. मोकळ्या कुत्रीला याहून जवळचे दोन धोके आहेत. एक, गर्भाशयात पू होणं. माजानंतर काही आठवड्यांनी कुत्री मलूल होते, पाणी फार पिते, आणि वेळेत गर्भाशय काढलं नाही तर मरते. दुसरा, संगातून पसरणारा गाठीचा कॅन्सर. मायांगाजवळ फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी रक्ताळलेली गाठ येते. हजारो वर्षांपूर्वी एकाच जनावरात सुरू झालेल्या पेशी आजही एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात आहेत. माजच थांबला तर हा रस्ता जवळजवळ बंद होतो.

नंदुरबारात लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांना मात्र मी मे महिन्याची घाई करायला सांगणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या हार्ट दांपत्याने 2013 पासून जातवार अभ्यास केले. या मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी झाली तर सांध्यांचे आजार वाढलेले दिसले. लॅब्राडोरला वर्ष उलटू द्यावं, शेफर्डला दोन वर्षांपर्यंत थांबावं, असं त्यांचं म्हणणं. 2020 मध्ये त्यांनीच संकरित कुत्र्यांचे वजनी गट पाडले, तेव्हा 20 किलोखालच्या गटांत हा धोका आढळला नाही. आपली गावठी कुत्री बहुधा त्याच मापाची असते. मोठ्या जातीत थांबायचं तर माजाच्या दिवसांत दाराला कडी हवी, हेही आलंच.

माजाच्या ऐन दिवसांत डॉक्टर ऑपरेशन टाळतात. गर्भाशयाच्या शिरा रक्ताने फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. शिवाय ऑपरेशन झालं तरी वास लगेच जात नाही, कुत्रे मागे लागतात आणि टाके तुटतात. माज संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. त्या काळात खोटं गाभणपण असतं, मध्येच अंडाशय काढलं तर कुत्रीला पान्हा फुटतो आणि तो लवकर आटत नाही. माज दाबायचं इंजेक्शन स्वस्त आणि सोपं वाटतं, पण गर्भाशयात पू होण्याला तेच आमंत्रण ठरतं.

राखणीचं काय, ही खरी शंका. शेतावर, मिरची वाळवायच्या पथारीवर कुत्री हवी ती राखणीला. अंगणाची राखण अंडाशयावर अवलंबून नसते. उलट भादव्यात आठवडा-आठवडा गायब होणारी कुत्री जागेवर राहते. ‘एक वेत तरी होऊ द्या’ म्हणतात, त्यालाही वैद्यकीय आधार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री कुत्री बांधून ठेवा. उपाशी ठेवली असं आपण म्हणतो आणि ती पहाटे उकिरड्यावर पोट भरून येते. मग भुलेत उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाते. गोचीड फार असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. गोचीडतापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, आणि हे पोट उघडल्यावर कळणं वाईट. विरघळणारे टाके आणि बाजूने, कुशीत घेतलेला छेद गावच्या कुत्रीला सोयीचा. जखम लांबूनही दिसते. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला कोन ती तासाभरात फोडते. त्याऐवजी लहान मुलाचा जुना बनियन घालून पाठीवर गाठ मारली तर निभतं. दहा-बारा दिवस पळापळ नको.

अडचण आहे ती ऑपरेशन कोण करणार याची. गावापर्यंत येणारी सरकारी पशुसेवा मुख्यतः गाय, म्हैस, शेळीसाठी आहे. एका कुत्रीसाठी टेबल, भूल आणि मदतनीस जमवायला कोणी सहज तयार होत नाही, दहा-पंधरा कुत्र्या एकदम असतील तर बोलणं तरी होतं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे, आणि त्यात पंचायतीही येतात. पाळलेल्या कुत्रीची जबाबदारी मालकाची. रेबीजची लस त्याच खेपेला टोचून घेता येते.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरतात. हा विषय बहुतेक ऑगस्टात निघतो, कारण ओरड तेव्हा सुरू होते. तोवर माज सुरू झालेला असतो. जानेवारीच्या सभेत ठराव घेतला तर डॉक्टर, औषधं आणि जागा ठरवायला तीन महिने मिळतात आणि मे महिन्यात शिबिर लागू शकतं.