पगारातून कापले ते गेले कुठे?

कर म्हणजे श्रीमंतांचे दुखणे, असे आपल्या वस्तीत आजही मानले जाते. सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यात, शेतमजुरीवर चालणाऱ्या घरात आयकराचे नाव कोण काढणार? पण त्याच घरातला मुलगा पुण्यात ठेकेदाराकडे कामाला लागतो, मुलगी खाजगी दवाखान्यात नोकरी धरते, जावई स्वतःची मालगाडी भाड्याने लावतो. मग पगाराच्या चिठ्ठीवर 'पी.टी.', 'टी.डी.एस.' अशी अक्षरे दिसू लागतात आणि हातात येणारी रक्कम घटते. कापले ते कशापायी, हे विचारण्याचा संकोच आपल्याला महागात पडतो.

पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. हा राज्याचा कर. रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून महाराष्ट्राने १९७५ च्या कायद्याने तो बसवला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना आधार देणारी ती योजना. पगारदाराने तिचा थोडा भार उचलावा, हा त्यामागचा विचार. तेव्हा या कराला आपण तरी नाक मुरडू नये. मात्र जो लागूच नाही, तो का द्यावा? १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. त्याआधी ही मर्यादा १०,००० होती. भगिनींनी आपली चिठ्ठी एकदा नीट पाहावी. १५,००० पगारावर २०० रुपये कापलेले दिसले तर मालकाला विचारावे. पुरुषांना ७,५०० पर्यंत माफी, १०,००० पर्यंत १७५ रुपये, पुढे २०० आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० च्या वर जात नाहीत. ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमातच आहे.

टी.डी.एस. हा केंद्राचा आयकर, पैसे हाती येण्याआधीच कापलेला. खरा घोळ इथे आहे. २०२५-२६ या वर्षी नव्या कररचनेत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर पडत नाही. मग महिना १५,००० मिळवणाऱ्या पहारेकऱ्याचा टी.डी.एस. कापला जातो तो कसा? बहुधा कागदावर त्याला कामगार न दाखवता 'ठेकेदार' दाखवलेले असते. ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का कापतात. एक टक्का म्हणजे किरकोळ, असे समजू नका. कामगार नसलेल्याचा भविष्य निर्वाह निधीही भरला जात नाही. कापलेल्या शंभर-दीडशे रुपयांपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे.

गाडीवाला किंवा बांधकामाचा छोटा ठेकेदार मात्र खरोखरच ठेकेदार असतो. त्याने वर्षात २,४०,००० चे बिल केले तर २,४०० रुपये कापले जातील. दुसरे उत्पन्न नसेल तर त्याच्यावर कर बसतच नाही. म्हणजे सारे २,४०० परत मिळण्याजोगे. पण सरकार ते घरी आणून देत नाही. आयकर विवरणपत्र भरावे लागते, नाहीतर पैसा तिथेच राहतो. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर १ ऐवजी २० टक्के कापतात, म्हणजे ४८,००० रुपये! शिवाय १ जुलै २०२३ पासून असे पॅन निष्क्रिय धरले जाते आणि परतावाही अडकतो. जोडणीचा दंड १,००० रुपये आहे. तो भरून मोकळे व्हावे.

पाच वर्षांच्या आत नोकरी सोडून ५०,००० किंवा जास्त फंड काढणाऱ्यांचेही १० टक्के कापले जातात. तेही विवरणपत्र भरून मागता येतात.

मालकाने कापलेला पैसा भरला की नाही, हे 'फॉर्म २६ एएस'मध्ये दिसते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पॅनने प्रवेश करून घरातली शिकलेली मुलगी तो पाच मिनिटांत काढून देईल. कापला पण भरला नाही, असे निघाले तर घाबरू नका. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम २०५ सांगते की, एकदा कापलेला कर पुन्हा कामगाराकडून वसूल करता येत नाही. पगाराची चिठ्ठी आणि बँकेचे पासबुक तेवढे जपून ठेवा.

आपल्यातही आता दुकान, गॅरेज, संस्था चालवणारे आहेत. चार माणसे पगारावर ठेवली आणि व्यवसाय कर लागू होत असला, तर मालक म्हणून तीस दिवसांत नोंदणी करावी लागते. कापलेला टी.डी.एस. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज; तिमाही विवरण चुकले तर रोजचे २०० रुपये. आणि कामगाराला फॉर्म १६ द्यायची मुदत १५ जून. तो न मागता द्यावा.