निर्वासित दर्जाची निश्चिती आणि न्याय्य सुनावणी : कॅनडातील 'सिंग' खटल्याच्या संदर्भात

प्रस्तावना

देश सोडून आलेल्या एखाद्या व्यक्तीस निर्वासित म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता व्याख्येचा वाटतो. ती व्याख्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित कराराने दिलेली आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या कारणांवरून छळ होईल अशी साधार भीती असल्यामुळे जी व्यक्ती स्वदेशाबाहेर आहे आणि स्वदेशाचे संरक्षण घेऊ शकत नाही अथवा या भीतीपोटी घेऊ इच्छित नाही, ती निर्वासित होय. परंतु भीती साधार आहे की नाही हे कोणी, कोणासमोर आणि कोणत्या पद्धतीने ठरवावयाचे, याविषयी करारात काहीही सांगितलेले नाही. कार्यपद्धती प्रत्येक राष्ट्रावर सोपविलेली आहे आणि न्यायाचा प्रश्न नेमका येथेच उपस्थित होतो. निर्णय अर्जदाराच्या शब्दावरील विश्वासावर अवलंबून असेल, तर निर्णय देणाऱ्याने त्याचे म्हणणे समक्ष ऐकणे हा सौजन्याचा भाग उरत नाही. तो निर्णयाचाच भाग असतो. हा मुद्दा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ज्या खटल्यात मांडला, त्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

न पाहिलेल्या माणसाविषयीचा निर्णय

कॅनडाच्या १९७६ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार आश्रयार्थीची शपथेवर तपासणी एक वरिष्ठ इमिग्रेशन अधिकारी करीत असे. त्या तपासणीचे टंकलिखित एका सल्लागार समितीकडे जाई आणि समितीच्या सल्ल्यानुसार मंत्री निर्णय देत. समितीने अर्जदाराला कधीही पाहिलेले नसे, मंत्र्यांनी तर नसेच. दावा फेटाळला गेल्यास अर्जदार अपील मंडळाकडे फेरविचाराचा अर्ज करू शके. मात्र सुनावणीत दावा सिद्ध होऊ शकेल असे मानण्यास वाजवी कारण आहे, याविषयी मंडळाची केवळ कागदपत्रांवरून खात्री पटली तरच सुनावणी मिळत असे. म्हणजे सुनावणी मिळविण्यासाठी अर्जदाराने आपला दावा सुनावणीशिवायच पटवून द्यावयाचा! त्यातच समितीने अर्जदाराच्या देशाविषयी कोणती माहिती ग्राह्य धरली, हे त्याला सांगितले जात नसे.

या पद्धतीला सात अर्जदारांनी आव्हान दिले. त्यांपैकी बहुतेक भारतातून गेलेले शीख होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९८५ रोजी सहा न्यायाधीशांच्या एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कारणमीमांसा मात्र दोन प्रकारची होती. न्या. बर्था विल्सन यांच्यासह तिघांनी १९८२ च्या हक्कांच्या सनदेतील कलम ७ चा आधार घेतला, तर न्या. बीट्झ यांच्यासह तिघांनी १९६० च्या हक्कविषयक कायद्याचा. न्या. विल्सन यांच्या मते कलम ७ मधील 'प्रत्येक व्यक्ती' या शब्दांत कॅनडाच्या भूमीवर प्रत्यक्ष असलेली कोणतीही व्यक्ती येते, मग ती नागरिक असो वा नसो. तसेच जेथे विश्वासार्हतेचा गंभीर प्रश्न असेल, तेथे त्याचा निर्णय तोंडी सुनावणीनेच झाला पाहिजे. जी माहिती उघडच केलेली नाही तिचे खंडन अर्जदार कसे करणार, हा त्यांचा प्रश्न अनुत्तरित राहिला. सर्वांना सुनावणी दिल्यास यंत्रणेवर असह्य भार पडेल, हा शासनाचा युक्तिवादही त्यांनी स्वीकारला नाही. प्रशासकीय सोय हे मूलभूत हक्क डावलण्याचे समर्थन होऊ शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे अर्जदार निर्वासित आहेत, असे मात्र न्यायालयाने म्हटलेले नाही. त्यांचे म्हणणे ऐकून घ्या, एवढेच सांगितले. हा निकाल अनेकदा निर्वासितांच्या बाजूचा म्हणून सांगितला जातो; वस्तुतः तो ऐकून घेण्याच्या बाजूचा आहे.

विश्वासार्हता आणि स्मृती

सुनावणीवर एवढा भर का, हे निर्वासितांच्या दाव्याचे स्वरूप पाहिल्यास समजते. जीव वाचवून पळालेल्या माणसाजवळ छळाचे प्रमाणपत्र नसते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाच्या १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेने म्हणूनच तथ्ये शोधून तपासण्याचे कर्तव्य अर्जदार आणि तपासणारा अधिकारी यांच्यात विभागले असून योग्य स्थितीत संशयाचा फायदा अर्जदाराला देण्यास सांगितले आहे. पुराव्याची पातळीही कमी ठेवलेली आहे. ब्रिटनमध्ये १९८७ साली श्रीलंकेतील तमिळांच्या खटल्यात छळाची 'वाजवी शक्यता' पुरेशी मानली गेली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दहा टक्के शक्यता असली तरी भीती साधार असू शकते, असे सूचित केले.

व्यवहारात मात्र ही उदारता एका दाराने येते आणि दुसऱ्या दाराने जाते. भविष्यातील धोक्याविषयी कसोटी सौम्य असली, तरी भूतकाळाच्या निवेदनाची छाननी फौजदारी खटल्यातील उलटतपासणीसारखी होते. पहिल्या जबानीत अटक मार्चमधील होती, दुसऱ्या जबानीत ती मे महिन्यातील झाली. यावरून संपूर्ण कथन खोटे ठरविले जाते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००२ साली जेन हर्लिही, पीटर स्क्रॅग आणि स्टुअर्ट टर्नर यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे महत्त्वाचा आहे. कोसोव्हो व बोस्नियातील ३९ निर्वासितांच्या त्यांनी दोनदा मुलाखती घेतल्या. या सर्वांना ब्रिटनमध्ये राहण्याची अनुमती आधीच मिळालेली होती. खोटे बोलण्यात त्यांचा कोणताही लाभ नव्हता. तरीही दोन निवेदनांत विसंगती सर्रास आढळल्या. प्रसंगाच्या गाभ्यापेक्षा किरकोळ तपशिलांत त्या अधिक होत्या. मानसिक आघाताची लक्षणे तीव्र असलेल्यांच्या निवेदनांत दोन मुलाखतींमधील अंतर वाढले तशा विसंगतीही वाढल्या. म्हणजे ज्याने अधिक सोसले, तोच अधिक अविश्वसनीय ठरण्याचा धोका असतो.

भाषा व कालगणना यांचीही भर पडते. इथिओपियाचे पंचांग ग्रेगरियन पंचांगाच्या सात-आठ वर्षे मागे चालते. इराण व अफगाणिस्तानातील सौर वर्ष मार्चमध्ये सुरू होते. आपल्याकडील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास घटनेची तारीख विचारली, तर तो 'पोळ्याच्या आदल्या दिवशी' असे सांगेल आणि ते खरे असेल. ती तारीख इंग्रजी महिन्यात बसविताना चूक झाली, तर ती त्याच्या सचोटीची चूक नव्हे. नात्यांच्या शब्दांचेही तसेच आहे. मराठी माणूस चुलतभावालाही सहज 'भाऊ' म्हणतो. दुभाष्याने एकदा 'सख्खा भाऊ' आणि दुसऱ्यांदा 'चुलतभाऊ' असे भाषांतर केले, की कागदावर विसंगती तयार होते. समोरासमोरच्या सुनावणीत ती एका प्रश्नाने सुटते. टंकलिखितातून सुटत नाही.

सुनावणी मिळाल्यानंतर

सुनावणी ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. अमेरिकेतील आश्रयविषयक निर्णयांचा रामजी-नोगालेस, शूनहोल्ट्झ व श्राग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याची साक्ष देतो. मायामीच्या इमिग्रेशन न्यायालयात कोलंबियाच्या अर्जदारांना एका न्यायाधीशासमोर यशाची शक्यता ५ टक्के होती, तर त्याच इमारतीतील दुसऱ्या न्यायाधीशासमोर ८८ टक्के. वकील असलेल्या अर्जदारांपैकी ४५.६ टक्के यशस्वी झाले. वकील नसलेल्यांपैकी अवघे १६.३ टक्के. दोन्ही गटांतील दावे सारखेच सबळ होते असे नव्हे, हे मान्य केले तरी तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कॅनडाचा पुढील अनुभवही बोलका आहे. सिंग निकालानंतर १ जानेवारी १९८९ पासून स्वतंत्र निर्वासित मंडळ कार्यरत झाले. दोन सदस्य ऐकत आणि दोघांत मतभेद झाल्यास सामान्यतः निर्णय अर्जदाराच्या बाजूने जात असे. २००२ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्याने सदस्यसंख्या एकवर आणली आणि त्याची भरपाई म्हणून अपील विभागाची तरतूद केली. सदस्य तात्काळ कमी झाले. अपील विभाग सुरू होण्यास मात्र १५ डिसेंबर २०१२ उजाडावा लागला. दरम्यानच्या दहा वर्षांत एकाच सदस्याची चूक वस्तुस्थितीच्या अंगाने तपासणारी यंत्रणा नव्हती. संघीय न्यायालयाच्या परवानगीने होणारे मर्यादित पुनर्विलोकन तेवढे उपलब्ध होते.

भारतातील चित्र

भारत १९५१ च्या कराराचा पक्षकार नाही. तिबेटी व श्रीलंकन तमिळ यांना शासनाने समूह म्हणून आश्रय दिला. गोंदिया जिल्ह्यातील नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीतील कुटुंबांना आपली भीती साधार असल्याचे व्यक्तिशः सिद्ध करावे लागले नाही. म्यानमार, अफगाणिस्तान आदी देशांतून आलेल्यांचे दावे मात्र संयुक्त राष्ट्रांचे उच्चायुक्त कार्यालय एकेकट्याने तपासत आले आहे. या कार्यालयाने कार्यपद्धतीचे मानदंड २००३ मध्ये प्रसिद्ध केले, २०२० मध्ये सुधारले; अपील पहिल्या अधिकाऱ्याहून वेगळ्या अधिकाऱ्याने ऐकावे, असे त्यांत आहे. तथापि तेही त्याच संस्थेतील अधिकारी. तेथील नकाराविरुद्ध भारतीय न्यायालयात जाण्याची वैधानिक तरतूद नाही.

१९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्याने घेतली. निर्वासित दर्जा ठरविण्याची कार्यपद्धती जुन्या कायद्यात नव्हती, नव्यातही नाही. न्यायालयांनी अनुच्छेद २१ चा आधार दिलेला आहे. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जीविताचा हक्क परकीयांनाही असल्याचे सांगितले, तर १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी निर्वासितांच्या परत पाठवणीविरुद्ध हाच अनुच्छेद लावला. परंतु हे संरक्षण न्यायालयापर्यंत पोहोचलेल्यांचे.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. पारपत्र जप्त करताना संबंधित व्यक्तीला बाजू मांडू द्यावी, हा विचार भारतीय न्यायशास्त्रात १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने रुजविला. सिंग निकालाच्या सात वर्षे आधी. त्या खटल्यातील प्रमुख निकालपत्र न्या. पी. एन. भगवती यांचे होते. निर्वासितांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा १९९० च्या दशकात तयार झाला, तोही त्यांच्याच पुढाकाराने. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये लोकसभेत आश्रयविषयक खाजगी विधेयक मांडले. यांपैकी कशाचेही कायद्यात रूपांतर झाले नाही.