धारेचं पाणी

आमच्या घरी पाहुणे आले की चहा होतो, मुलांच्या शाळांची चौकशी होते, घरांच्या किमतींवर हळहळ होते आणि मग कुणीतरी कोपऱ्यातल्या कुलूपबंद कपाटाकडे बोट दाखवून विचारतंच, "हे काय हो? तुमच्याकडे कुकऱ्या कशा?" प्रश्नामागचा प्रश्न मला कळतो. वॉटफर्डमधला एक सरळमार्गी मराठी इंजिनिअर, पंचेचाळिशी उलटलेली, मॉर्टगेज चालू, आणि घरात सात नेपाळी कुकऱ्या! सौ.चं उत्तर ठरलेलं असतं. "काहीजण गोल्फ खेळतात. हे तेल लावत बसतात."

तर वाचकहो, ही त्या तेलाचीच गोष्ट आहे. आणि थोडी पाण्याची.

माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो) सांगलीला पोस्टात होते. आमच्या गल्लीत रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा एक गुरखा होता. सगळी गल्ली त्याला 'बहादूर' म्हणायची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि अण्णा त्याला नेपाळची मनीऑर्डर लिहून द्यायचे. कधी पत्रही. १९८९ च्या सुमारास तो कायमचा गावी निघाला, तेव्हा निरोपाला येताना फडक्यात गुंडाळलेली एक कुकरी अण्णांच्या हातात ठेवून गेला. पोस्टातल्या माणसाला कुकरी कशाला लागते? आईने तिचा उपयोग शोधला. कोयत्यासारखी पाठ वापरून नारळ फोडायला ती फार बेस असे.

अण्णा गेल्यावर, २०११ साली, मी ती चेक-इनच्या बॅगेतून इकडे आणली आणि मोठ्या श्रद्धेने म्यानात घालून लॉफ्टमध्ये ठेवून दिली. दोन हिवाळे गेले. उघडून पाहिली तर पात्यावर तांबडे फोड! चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं, शिवाय कातडं कमावताना वापरलेली आम्लं त्यात उरलेली असतात. त्यात आमच्या लॉफ्टची इंग्लिश दमट हवा. सांगलीच्या ट्रंकेत बावीस वर्षं जे झालं नाही, ते वॉटफर्डमध्ये दोन वर्षांत झालं.

खरी चूक मात्र त्यानंतरची. मी शेफिल्डला एम.एस्सी. केलेला माणूस. सुऱ्याकात्र्यांच्या त्या गावात राहून आलोय, मला कोण शिकवणार? ग्राइंडरला चकती लावली आणि गंज घालवायला बसलो. गंज गेला. पण टोकाकडे, धारेलगत, अंगठ्याएवढा एक सुंदर निळा डाग उमटला. तो पाहून माझ्या पोटात गोळा आला, कारण तो रंग काय सांगतो ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते.

पोलाद तापवून लाल केलं आणि झटकन थंड केलं की ते कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग ते पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा काढायचा. या दुसऱ्या तापवण्यात पृष्ठभागावर रंग चढतात. २२०-२३० अंशांना गवती पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. निळा रंग धारेला चांगला नाही. धार तिथे मऊ पडते, आणि पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय परत येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर अण्णांच्या कुकरीचं पाणी मी उतरवलं होतं.

'पाणी' हा शब्द किती नेमका आहे पाहा. आपण कोयत्याला, विळीच्या पात्याला पाणी देतो. सुगीच्या आधी घिसाडी गावाबाहेर पाल टाकायचे, तेव्हा त्यांच्या बायका भाता ओढताना आणि घण मारताना आपल्यातल्या कित्येकांनी पाहिलं असेल. नेपाळी लोहारही पाणीच देतो, पण त्याची रीत निराळी आहे. पातं लालबुंद झालं की तो ते हौदात बुडवत नाही. चहाच्या किटलीतून पाण्याची बारीक धार पात्याच्या धारेवर सोडतो, मुठीपासून टोकाकडे आणि परत. धार तेवढी निवते आणि कठीण होते. पाठ तापलेलीच राहते, हळूहळू थंड होते, म्हणून चिवट राहते. शिवाय पाठीतली उरलेली उष्णता धारेकडे परत येते आणि तिचा ठिसूळपणा आपोआप काढून टाकते. कुठे थांबायचं ते रंगावरून आणि आवाजावरून ठरतं. लोखंड कुठलं? बहुधा ट्रकच्या मोडक्या पाट्यांचं. मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा माझ्या पदवीबद्दल मला जरा संकोच वाटला.

या लोहाराला नेपाळीत 'कामी' म्हणतात. आडनाव पुष्कळदा विश्वकर्मा. नेपाळच्या १८५४ च्या 'मुलुकी ऐन' या कायद्याने जातींची उतरंड लेखी करून टाकली, त्यात कामी अस्पृश्यांत गणले गेले. या वर्गाला शब्द होता 'पानी नचल्ने', म्हणजे ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही ते. ज्याने दिलेल्या पाण्यावर सगळ्या देशाचं शौर्य तोललं, त्याच्याच हातचं पाणी चालत नव्हतं! १९६३ साली कायद्यातून हा भेद गेला आणि २०११ साली अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा झाला. दोन कायदे का लागले, हे महाडच्या चवदार तळ्याची १९२७ ची गोष्ट ठाऊक असलेल्या आपल्यासारख्यांना समजावून सांगायला नको.

कुकरीवर लिहिलेलं बहुतेक साहित्य मात्र सैनिकांबद्दल असतं. १८१४ ते १८१६ च्या युद्धात इंग्रजांनी गोरख्यांचा पराक्रम पाहिला आणि १८१५ पासून त्यांनाच आपल्या पलटणीत घेतलं. १९४७ साली दहापैकी चार रेजिमेंट ब्रिटनकडे आल्या, सहा भारताकडे राहिल्या. हा इतिहास पाहायचा असेल तर विंचेस्टरच्या पेनिन्सुला बरॅक्समधलं गुरखा म्युझियम जरूर गाठा. आपल्याकडून एम-२५ आणि मग एम-३. रविवारी डबा घेऊन जाण्यासारखं आहे. आणि हो, म्यानातून काढली की रक्त चाखल्याशिवाय कुकरी परत जात नाही, ही निव्वळ थाप. नेपाळच्या डोंगरात ती सरपण फोडते, भाजी चिरते, बोकड कापते. आमच्या आईचा नारळ त्या परंपरेत अगदी फिट्ट बसतो.

निळ्या डागाचं प्रायश्चित्त म्हणून म्हणा, मी त्यानंतर कुकऱ्या नीट पाहायला लागलो आणि पाहता पाहता घ्यायलाही. सुरुवातीला एक फसवणूक ठरलेली असते. चकचकीत क्रोमचा मुलामा, सिंहाच्या तोंडाची मूठ, म्यानावर पितळेची नक्षी. ती प्रवाशांसाठी बनवलेली, भिंतीवरच शोभणारी. खरी कुकरी हातात घेतली की पुढे ओढते, कारण तिचं वजन बाकाच्या पुढे असतं. मुठीजवळची ती खाच, तिला गाईचं खूर म्हणा की शंकराचा त्रिशूळ, मला विचाराल तर धार लावताना कुठे थांबायचं त्याची ती खूण आहे. म्यानामागे दोन छोटी पिल्लं असतात. 'कर्दा' ही बारीकसारीक कामाची सुरी आणि 'चकमक' हे धार सरळ करायचं बोथट पोलाद. पातळ, लांबट पात्याची ती 'सिरुपाते', सिरू गवताच्या पात्यासारखी. रुंद पोटाची ती 'भोजपुरे', पूर्व नेपाळातल्या भोजपूरची.

इथे आपल्याला एक फायदा आहे, जो इंग्रज संग्राहकाला नाही. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा दोन अमेरिकन कंपन्यांनी विकत घेतला. त्यात बंदुकांबरोबर हजारो कुकऱ्या होत्या, दशकांच्या वंगणाची पुटं चढलेल्या. पुढे त्या जगभर विकल्या गेल्या. त्यांपैकी अनेकींच्या पात्यावर अक्षरं कोरलेली आहेत, आणि ती देवनागरी आहेत! एका जत्रेवजा विक्रीत एक म्हातारे गृहस्थ अशी कुकरी भिंगातून पाहत होते. मी सहज वाचून दाखवलं, "श्री ३". म्हणजे राणा पंतप्रधानांचा मान. राजाचा मान 'श्री ५'. गृहस्थांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि टेबलावरच्या आणखी चार माझ्यापुढे ठेवल्या. बालवाडीत पाटीवर गिरवलेलं असं कामी येईल असं वाटलं नव्हतं. (मुलांना मराठी वाचायला का शिकवायचं, या सनातन प्रश्नाचं हे आमच्या घरातलं अधिकृत उत्तर आहे.) एक सावधगिरी मात्र हवी. कोरलेला सन विक्रम संवताचा असतो. १९८० वाचून ती अलीकडची समजू नका. त्यातून सत्तावन्न वजा करायचे, म्हणजे १९२३ च्या आसपासची निघते. आपल्याला शकाची सवय, त्यामुळे बेरीज करायचा मोह होतो.

आता निगा. लॉफ्टमध्ये आणि गॅरेजमध्ये ठेवू नका. म्यानात ठेवू नका, म्यान वेगळं, पातं वेगळं. हाताळल्यावर घामाचे ठसे पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. ट्रकच्या पाट्यात क्रोमियम असतं, पण जेमतेम एक टक्का. स्टेनलेसला साडेदहाच्या वर लागतं. खोबरेल वापरू नका. वनस्पती तेलं कालांतराने चिकट होतात, आणि खोबरेल तर वॉटफर्डमध्ये जूनचे दोन आठवडे सोडले तर गोठलेलंच असतं. जुनं वंगण रॉकेलने, म्हणजे इथल्या पॅराफिनने, निघतं. खिडकी उघडी ठेवा आणि घरातल्यांचा राग ओढवून घ्यायची तयारीही. शिंगाची मूठ सेंट्रल हीटिंगने सुकून तडकते, तिला अधूनमधून तेल द्या. शिंग खाणारे किडेही असतात, तेच जे लोकरीचे गालिचे खातात. लाकडी मुठीला जवसाचं तेल उत्तम.

धार लावायला सपाट दगड नको, कारण कुकरीची धार फुगीर असते. रबराच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून पातं पाठीच्या दिशेने ओढायचं. हाताने. ग्राइंडरचं नाव काढू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुकरी उपसताना म्यान मुठीत आवळू नका. धारेच्या बाजूची शिवण कापून ती बाहेर येऊ शकते. बोटं म्यानाच्या पाठीकडेच ठेवायची.

कायद्याचंही पाहायला हवं. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टप्रमाणे सबळ कारणाशिवाय असं पातं सार्वजनिक जागी जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, शिक्षा चार वर्षांपर्यंत. प्रदर्शनाला न्यायची असेल तर गुंडाळून, बंद पेटीत, गाडीच्या डिकीत. २०२४ च्या सप्टेंबरपासून 'झॉम्बी' पद्धतीच्या चाकूंवर इंग्लंड-वेल्समध्ये बंदी आली. ही यादी वाढत असते, काही घेण्याआधी ती पाहावी.

पण घरात प्रश्न कायद्याने सुटत नाही. गेल्या वर्षी चिरंजीवांच्या शाळेत चाकूंबद्दल पोलिसांचं भाषण झालं. तो घरी आला आणि जेवताना शांतपणे म्हणाला, "बाबा, माझ्या मित्रांना सांगू नका हं आपल्याकडे काय आहे ते." सौ.ने त्याच रात्री विषय काढला. पोलिसांच्या चाकू जमा करायच्या पेट्या असतात, त्यात सगळ्या टाकून मोकळं व्हायचं. "तुमचा छंद म्हणून मुलाने शाळेत मान खाली घालायची का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. श्री ३ वगैरे त्या वेळी सुचत नाही. आठवडाभर घरात बोलणं कमी होतं. शेवटी ठरलं ते असं: कपाटाला चांगलं कुलूप, किल्ली सौ.कडे, सातच्या वर आठवी नाही, आणि मुलाला विंचेस्टरला नेऊन सगळं नीट सांगायचं.

यंदा खंडेनवमीला किल्ली निघाली. पाटावर विळी, स्क्रू ड्रायव्हर, माझा मल्टिमीटर आणि मधे अण्णांची कुकरी. चिरंजीव तेल लावत होते, सांगितल्याप्रमाणे बोटं पाठीकडे ठेवून. निळ्या डागापाशी थांबून त्याने विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, मी. मग विचारलं, "आणि कुकरी कुणी केली?" माहीत नाही. "मग आजोबांना कुणी दिली?" बहादूरने. "त्याचं खरं नाव काय होतं?"

दर महिन्याला फॉर्मवर ते नाव लिहिलं जायचं, मी शेजारी बसलेला असायचो, पण मला ते सांगता आलं नाही. अण्णांची एक पत्त्यांची वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. सांगलीला दादाला फोन करून ट्रंक उघडून बघायला सांगितलंय. अजून त्याचा उलट फोन आलेला नाही.